ट्रायथलॉनच्या (पोहणं, सायकल, धावणं) सायकल टप्प्यात पहिल्यांदाच मोटारसायकलवरून रेफरी करताय ना?

अभिनंदन, आणि घाबरू नका. आधी नजर बसवा. ड्राफ्टिंग म्हणजे पुढच्या सायकलच्या आडोशाने वारा चुकवत चालवणं. ते टाळण्यासाठी राखायचं अंतर लांब पल्ल्याच्या हौशी गटात साधारण १२ मीटर असतं, पण ते पुढच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत मोजतात. म्हणजे मधली मोकळी जागा १० मीटरच्या आसपासच दिसते. नवखे इथेच फसतात. ताशी ३६ किमी वेगाने हे १२ मीटर १.२ सेकंदात कापले जातात. रस्त्यावरची एखादी खूण धरून मोजा.

दुसरी चूक म्हणजे घाई. ओव्हरटेक करायला सहसा २५ सेकंद मिळतात, तेव्हा घड्याळ लावा आणि थांबा. ज्याला मागे टाकलं, त्याने अंतराबाहेर सरकायचं असतं. तो मागेच चिकटून राहिला तर दोष त्याचा. (चढावर आणि एड स्टेशनपाशी, म्हणजे पाणी-खाणं मिळतं तिथे, गर्दी होणारच, तिथे जरा समजून घ्या.)

कचऱ्याचं सोपं आहे: खायच्या एनर्जी जेलचं पाकीट ठरलेल्या टप्प्याबाहेर मुद्दाम टाकलं तर पेनल्टी. खड्ड्यात उडालेली बाटली वेगळी.

पेनल्टीचं कार्ड दाखवताना खेळाडूच्या शेजारी या, त्याचा नंबर मोठ्याने सांगा, वाद घालू नका. नंबर आणि वेळ लगेच टिपून ठेवा. बाकीचे बारकावे दोन-तीन शर्यतींनंतर बोलू.