वाचकांचे प्रश्न : चुंबकत्व शिकून वैद्यकीय संशोधनात

प्रश्न : मी पुण्यात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकते. चुंबकत्व हा माझ्या आवडीचा विषय आहे. मात्र आयुष्यभर फेराइटच्या (लोहाच्या ऑक्साइडपासून बनणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) वड्या भाजत बसावे असे वाटत नाही. चुंबकत्वाचा उपयोग वैद्यकीय संशोधनात करणारे भौतिकशास्त्रज्ञ नेमके काय काम करतात? त्यासाठी मला जीवशास्त्राची पदवी घ्यावी लागेल का? माझे आजोबा गुडघ्याला चुंबकाचा पट्टा बांधतात आणि ‘तू हेच शिकणार का?’ असे विचारतात. त्यांना काय सांगावे, हेही कळवावे.
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : आजोबांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच दडलेले आहे. रक्तात लोह असते, म्हणून चुंबक रक्ताला आपल्याकडे ओढतो, अशी त्या पट्ट्यामागची समजूत आहे. परंतु हिमोग्लोबिनमधले लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे वागत नाही. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्ये मोजमाप करून दाखवले, की ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर लोटले जाते आणि ऑक्सिजन सोडून दिलेले किंचित ओढले जाते. हा परिणाम इतका क्षीण असतो, की एमआरआय यंत्राच्या १.५ टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) इतक्या तीव्र क्षेत्रात झोपलेल्या माणसाचे रक्तही एका बाजूला गोळा होत नाही. मग पट्ट्यात शिवलेल्या चकत्यांची काय कथा! मात्र त्याच क्षीण फरकाचा आधार घेऊन सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये उंदरांच्या मेंदूच्या एमआरआय प्रतिमा रक्तातल्या ऑक्सिजनप्रमाणे कशा बदलतात हे दाखवले, आणि मेंदूचा कोणता भाग केव्हा कामाला लागतो हे कवटी न उघडता पाहण्याची पद्धत त्यातूनच उभी राहिली. तेव्हा आजोबांना सांगा, की लोह तेच आहे, फक्त तुम्ही ते मोजायला शिकणार आहात. (त्यांना पेसमेकर बसवलेला असेल, तर मात्र तो पट्टा छातीजवळ कधीही नेऊ नये, हेही आवर्जून सांगा. चुंबक जवळ आल्यावर पेसमेकर हृदयाचे ऐकणे थांबवून ठरावीक गतीने ठोके देऊ लागतो.)

या क्षेत्रातल्या भौतिकशास्त्रज्ञाचे पहिले काम मोजणे हेच असते, आणि ते दिसते तितके सोपे नसते. मेंदूतून निघणारे चुंबकीय क्षेत्र सुमारे १०० फेम्टोटेस्ला इतके असते. पुण्यात पृथ्वीचे क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास भरते, म्हणजे मेंदूचे क्षेत्र त्याच्या जवळपास ४० कोटी पटींनी क्षीण ठरते. मूळचे अणुकेंद्रीय भौतिकशास्त्राचे अभ्यासक असलेल्या डेव्हिड कोहेन यांनी ते १९६८ मध्ये तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याने प्रथम टिपले आणि १९७२ मध्ये स्क्विड हा अतिसंवेदनशील शोधक वापरून स्वच्छ नोंदवले. त्यासाठी बाहेरची चुंबकीय गडबड अडवणारी खोली बांधावी लागली. माझ्या स्वतःच्या संशोधनाच्या दिवसांत आम्ही याहून कितीतरी ढोबळ मोजमाप करत होतो, तरीही आलेखावर मधूनमधून एकच टेकाड उमटत असे. पंधरा दिवस आम्ही नमुन्याला दोष दिला. शेवटी लक्षात आले, की भिंतीपलीकडची लिफ्ट वर-खाली होत होती. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला का हलवाव्या लागल्या, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने उमगले.

जीवशास्त्राच्या पदवीची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. एमआरआयच्या शोधाबद्दल २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना मिळाले. त्यांपैकी एक रसायनशास्त्रज्ञ आणि दुसरे भौतिकशास्त्रज्ञ. मॅन्सफील्ड यांनी तर पंधराव्या वर्षी शाळा सोडून छापखान्यात नोकरी धरली होती. पुढे उशिरा शिकून ते अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाकडे (एनएमआर; एमआरआय याच तत्त्वावर चालते) वळले आणि स्फटिकांमधली अणूंची रचना त्या पद्धतीने दिसेल का, या प्रश्नावर काम करू लागले. म्हणजे सुरुवातीला त्यांच्यासमोर रुग्ण नव्हता, घन पदार्थ होता. १९७८ मध्ये मात्र संपूर्ण शरीराच्या यंत्रात ते स्वतःच उभे राहिले आणि स्वतःच्या पोटाची प्रतिमा घेऊन दाखवली. फेराइटच्या वड्यांना इतक्यात नावे ठेवू नका, असे म्हणण्याचे कारण हेच आहे.

आता पुण्यामुंबईच्या प्रयोगशाळांमध्ये तुम्हाला हमखास भेटेल त्या विषयाकडे येते : लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण. लोहाच्या क्षारांच्या द्रावणात अमोनिया मिसळला की काळा साका तयार होतो, आणि भांड्याबाहेर चुंबक धरला की तो त्या बाजूला सरकतो. हे पाहून कोणीही हरखून जाते. मॅग्नेटाइटचा (त्या साक्यातल्या लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा) कण दहा-वीस नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) इतका लहान झाला, की त्याचे चुंबकत्व उष्णतेच्या धक्क्यांनीच दिशा बदलत राहते. त्यामुळे बाहेरचे क्षेत्र काढून घेतल्यावर कणांच्या साक्यात चुंबकत्व उरत नाही, आणि रक्तवाहिनीत कण एकमेकांना चिकटून गुठळी होण्याचा धोका कमी होतो. दिशा बदलण्यास लागणारा वेळ कणाच्या घनफळावर अवलंबून असतो, आणि तो साध्या प्रमाणात नव्हे, तर घातांकात. व्यास दुप्पट झाला की घनफळ आठपट होते, आणि ते आठपट घातांकात जाऊन बसते. म्हणूनच ‘सरासरी १५ नॅनोमीटर’ एवढे लिहून भागत नाही. त्या सरासरीभोवती कणांचा पसारा किती आहे, यावर सगळे ठरते. शंभर किलोहर्ट्झच्या आसपासच्या बदलत्या क्षेत्रात हेच कण तापतात, आणि गाठीचे तापमान ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन कर्करोगाच्या पेशी दुबळ्या करण्याचा विचार १९५७ पासून चालू आहे.

येथे थोडे परखड लिहिते. परीक्षानळीतले पाणी तापले, आलेख छान आला, प्रबंध झाला, असे काम आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त झाले आहे. डॉक्टरांचा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. शिरेतून दिलेल्या कणांपैकी बहुतेक यकृत आणि प्लीहा टिपून घेतात. मग गाठीत किती मिलिग्रॅम लोह पोहोचले? क्षेत्र आणि वारंवारता हवी तितकी वाढवता येत नाही, कारण निरोगी ऊतींमध्येही एडी करंट (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे उमटणारे विजेचे प्रवाह) निर्माण होऊन त्या तापू लागतात. मग त्या मर्यादेत पुरेशी उष्णता मिळते का? पाण्यात मोकळेपणाने फिरणारा कण पेशीत अडकून बसला, तर तो तितकाच तापतो का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे भौतिकशास्त्रज्ञानेच आकड्यांत द्यायची असतात.

जीवशास्त्राची पदवी नको म्हटले, याचा अर्थ जीवशास्त्र नको असा नव्हे. पेशी वाढवताना हात किती स्वच्छ लागतात, नियंत्रण गट कशाला म्हणतात, एकाच प्रयोगाचे उत्तर तीन दिवस तीन प्रकारे का येते, हे कोणाच्या तरी शेजारी सहा महिने उभे राहून शिकावे लागते. त्या बाबतीत तुम्ही भाग्यवान आहात. विद्यापीठाच्या गणेशखिंडच्या आवारातच भौतिकशास्त्र विभाग आणि नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या दोन्ही संस्था आहेत. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) आहेत. दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी असा विषय मागून घ्या, की ज्यात व्हीएसएमवर (नमुन्याचे चुंबकत्व मोजणाऱ्या उपकरणावर) नमुना तुम्ही स्वतः लावाल. मोजून आणलेला आलेख आयता घेऊन नुसता त्याचा अर्थ लावत बसू नका.

प्रश्न : आमचा मुलगा याच विषयात पीएच.डी. करू म्हणतो. पाच-सहा वर्षे आणि त्यापुढेही अनिश्चितता. त्यापेक्षा त्याने रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट व्हावे, असे आम्हास वाटते. आपले मत कळवावे.
— एक पालक, चिंचवड

उत्तर : हे दोन वेगळे रस्ते आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. रुग्णालयातला मेडिकल फिजिसिस्ट प्रामुख्याने किरणोपचार विभागात काम करतो, आणि त्यासाठी एम.एस्सी.नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम हा एक प्रतिष्ठेचा मार्ग आहे. तिथे चुंबकत्वाचा संबंध थोडाच येतो. नोकरीची निकड असेल, तर तो रस्ता उत्तम आहे, यात शंका नाही.

संशोधनाच्या रस्त्यावर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. कायम नोकरी मात्र पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे तात्पुरते संशोधन) करून बहुधा तिशी उलटल्यावरच लागते, आणि ही गोष्ट मुलापासून लपवू नये. सगळेच प्राध्यापक होत नाहीत. एमआरआयची कॉइल (संकेत टिपणारे तारेचे वेटोळे) आणि प्रतिमा तयार करणारी संगणकप्रणाली, किंवा कोविडच्या काळात आरएनए वेगळे करणाऱ्या स्वयंचलित यंत्रांत वापरले गेले तसे चुंबकीय मणी, अशा कामांत उद्योगांनाही ही माणसे लागतात. परंतु तिथे प्रबंधाच्या विषयापेक्षा उपकरण बांधता येते का आणि प्रोग्रॅम लिहिता येतो का, हे आधी विचारतात.

मुलाने गाइड निवडण्यापूर्वी त्यांच्या हाताखालून गेलेले शेवटचे चार-पाच विद्यार्थी आज कुठे आहेत, याची चौकशी करावी आणि त्यांपैकी एखाद्याशी तरी समक्ष बोलावे.