थंड सोबा सॅलड चिकट का होतं?

प्रश्न : जपानी हॉटेलात मिळतं तसं थंड सोबा (कुट्टूच्या, म्हणजे बकव्हीटच्या पिठाच्या) नूडल्सचं सॅलड घरी केलं, तर नूडल्सचा गोळा होतो आणि ड्रेसिंग पाणचट लागतं. काय चुकतं?

उत्तर : धुण्यात कसर राहते. २०० ग्रॅम सोबा दोन लिटर उकळत्या पाण्यात, मीठ न घालता, पाकिटावरच्या वेळेइतकाच शिजवा. मग वाहत्या गार पाण्याखाली हातांनी हलकेच चोळा. पिठाचा बुळबुळीतपणा जाऊन पाणी नितळ झालं पाहिजे. बर्फाच्या पाण्यात बुडवून लगेच पूर्ण निथळा, नाहीतर ड्रेसिंग पातळ होणारच. काकडीही मीठ लावून पिळून घ्या.

ड्रेसिंग : सोया सॉस ३ मोठे चमचे, राइस व्हिनेगर २, साखर १, तिळाचं तेल १, थोडा आल्याचा रस. तेल भाजलेल्या तिळांचंच हवं. आपल्या साध्या तिळाच्या तेलाला तो वास नाही. वाढतानाच कालवा.