‘करण्यात येईल’ म्हणजे नेमकं कोण करील?

एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. ती युद्धशास्त्रावरच्या एका इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर करते आहे आणि त्यात एक अख्खी ‘ऑपरेशन ऑर्डर’ (लढाईत कोणत्या तुकडीनं काय करायचं ते सांगणारा लेखी हुकूम) नमुन्यादाखल दिली आहे. तिच्या तीन अडचणी आहेत. ऑपरेशन ऑर्डरला मराठीत काय म्हणावं? ‘टास्क फोर्स’ला ‘कृती दल’ चालेल का? आणि, तिच्याच शब्दांत, ‘एक किरकोळ शंका’: प्रत्येक वाक्यात येणाऱ्या ‘विल’चं काय करू? करील, करावे, की करण्यात यावे?

पहिल्या दोन शंका लवकर आटपतात. तिसरी मुळीच किरकोळ नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

लष्करी इंग्रजीतला ‘विल’ हा भविष्यकाळ नव्हे, तो हुकूम आहे. ‘दुसरी पलटण टेकडी काबीज करील’ हे वाक्य ज्योतिषाचं भाकीत नाही आणि विनंतीही नाही. ‘करावी’ म्हटलं की विध्यर्थ आला. विध्यर्थात आज्ञा, सल्ला, इच्छा, शक्यता असं सगळंच मावतं. ‘पाणी उकळून प्यावे’ हेही विध्यर्थीच वाक्य. त्यामुळे ‘काबीज करावी’ वाचणाऱ्याला ‘जमलं तर’ असं ऐकू येण्याला वाव राहतो. या ‘जमलं तर’नं इतिहासात काय केलं आहे ते ठाऊक असेलच. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १ जुलै १८६३ ला गेटिसबर्गला, दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांनी हाताखालच्या जनरल यूएल यांना टेकडी घेण्याचा निरोप धाडला, पण ‘व्यवहार्य वाटल्यास’ अशी पुस्ती जोडून. यूएल यांना ते व्यवहार्य वाटलं नाही. टेकडी उत्तरेच्या सैन्याकडेच राहिली आणि पुढचे दोन दिवस दक्षिणेचं सैन्य त्याच उंचवट्यांवर डोकं आपटत राहिलं. मराठी हुकुमात ‘शक्यतो’ हा शब्द दिसला की मला हे यूएल आठवतात.

आता राहिलं ‘करण्यात यावे’. परिपत्रकांची भाषांतरं करण्यात माझी काही वर्षं गेली आहेत, त्यामुळे या रूपाशी माझी जुनी ओळख आहे. ‘सदर रस्त्याची दुरुस्ती करण्यात यावी.’ कोणी? वाक्याला ते सांगायचंच नसतं. कर्ता गायब करण्यासाठी मराठीनं घडवलेलं हे उत्तम हत्यार आहे आणि कचेरीत त्याचे उपयोगही आहेत. ऑपरेशन ऑर्डरचा मात्र सगळा जीवच कर्त्यात असतो. तिच्यातलं मुख्य वाक्य कोण, काय, कधी, कुठे आणि कशासाठी या पाच प्रश्नांची उत्तरं एका दमात देतं. त्यातला ‘कोण’च काढून टाकला तर उरतं ते परिपत्रक.

आणि ‘करण्यात येईल’ हे तर त्याहून धोक्याचं, कारण त्यात कर्त्याबरोबर काळही धूसर होतो. निर्णय झालाय, की होणार आहे, की झाला तर होईल? याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण इंग्रजीतलंच आहे, आणि योगायोगानं टास्क फोर्सचंच.

२४ ऑक्टोबर १९४४, फिलिपिन्समधलं लेतेचं आखात. अमेरिकेच्या तिसऱ्या आरमाराचे प्रमुख अ‍ॅडमिरल हॉल्सी यांनी हाताखालच्या अधिकाऱ्यांना युद्धयोजना कळवली: चार युद्धनौका, काही क्रूझर आणि विनाशिका वेगळ्या काढून त्यांचा ‘टास्क फोर्स ३४’ ‘विल बी फॉर्म्ड’. मराठीत अगदी शब्दशः ‘स्थापन करण्यात येईल’. हॉल्सींच्या मनातला अर्थ होता, ‘वेळ आली तर, आणि मी सांगेन तेव्हा’. पण सातव्या आरमाराचे अ‍ॅडमिरल किनकेड यांच्या हाती तो संदेश पडला. खरं तर तो त्यांना उद्देशून नव्हताच. त्यांनी अर्थ घेतला, ‘टास्क फोर्स ३४ उभा राहतोय, म्हणजे सान बर्नार्डिनोच्या सामुद्रधुनीवर पहारा आहे’. मागाहून हॉल्सींनी खुलासा केला, की मी हुकूम देईन तेव्हाच तो बनेल. पण तो खुलासा कमी पल्ल्याच्या रेडिओवरून केला आणि किनकेडांपर्यंत पोचलाच नाही. रात्री हॉल्सी सगळा ताफा घेऊन जपानी विमानवाहू जहाजांच्या मागे उत्तरेला गेले. कुरिता यांचं जपानी आरमार राखण नसलेल्या सामुद्रधुनीतून निवांत बाहेर पडलं. २५ तारखेच्या सकाळी सामार बेटाजवळ त्याच्यासमोर आल्या किनकेडांच्या सहा छोट्या विमानवाहू नौका आणि त्यांच्या सोबतीच्या तीन विनाशिका व चार त्याहून लहान रक्षक नौका. समोर ‘यामाटो’सारखी, जगातली सगळ्यात मोठी युद्धनौका. ती छोटी तुकडी अशा हिकमतीनं लढली की कुरिता शेवटी मागे फिरले, हा भाग निराळा. पण त्या सकाळी पर्ल हार्बरहून हॉल्सींचे वरिष्ठ अ‍ॅडमिरल निमिट्झ यांना विचारावं लागलं, की टास्क फोर्स ३४ आहे तरी कुठे? उत्तर व्याकरणात होतं. सामुद्रधुनीवर तो फक्त एका कर्मणी भविष्यकाळात होता; प्रत्यक्षात तो हॉल्सींबरोबर दूर उत्तरेला होता.

म्हणून माझा कौल ‘करील’ला. कर्तरी प्रयोग, कर्ता आधी, क्रियापद साधं.

मात्र मराठीच्या खास आपल्या अशा दोन-तीन खोड्या आहेत, त्या इंग्रजी पुस्तकात सापडणार नाहीत. पहिली, ‘पर्यंत’. ‘तिसरी तुकडी ०६०० पर्यंत पूल अडवील.’ म्हणजे सहाच्या आत जाऊन अडवायला सुरुवात करील, की सहा वाजेतो अडवून धरील आणि मग निघेल? दोन्ही अर्थ शुद्ध मराठी आहेत आणि एकमेकांच्या थेट विरुद्ध आहेत. इंग्रजीत ‘बाय’ आणि ‘अन्टिल’ वेगळे असल्यामुळे मूळ लेखकाला हा प्रश्नच पडत नाही. भाषांतर करणारीनं मात्र दर वेळी थांबायला हवं. पहिल्या अर्थी ‘०६०० च्या आत’ लिहावं, दुसऱ्या अर्थी ‘०६०० वाजेतो अडवून धरील’. (‘परवा’ आणि ‘परत’ यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. ‘परत जा’ म्हणजे पुन्हा जा की माघारी ये?) जाता जाता: मध्यरात्रीला २४०० लिहू नये, २३५९ किंवा ०००१ लिहावं असा लष्करी पायंडा आहे. बारा कोणत्या तारखेचे हा वादच त्यानं मिटतो.

दुसरी खोडी नकाराची. आपला ‘नाही’, ‘नये’, ‘नको’ वाक्याच्या अगदी शेपटाला येतो. ‘पहिली तुकडी माघार घेताना नदीवरचा पूल उडवणार’ इथवर ऐकू आलं आणि रेडिओ खरखरला, तर? ‘नाही’ हवेत विरून गेला. म्हणून पूल उडवायचा नसेल तर ‘पूल शाबूत राखील’ असं होकारार्थी लिहिलेलं बरं. भाषांतरातही मी हेच करीन, मूळात नकार असला तरी.

तिसरी गोष्ट खोडी नाही, उलट सोय आहे. इंग्रजी हुकुमात हेतू शेवटी येतो, ‘इन ऑर्डर टू’नंतर. त्याचं ‘जेणेकरून’ करून हेतूला शेवटी लटकवण्याचा मोह होतो. मराठीला हेतू आधी आवडतो: ‘ब्रिगेडला पूल निर्धोक ओलांडता यावा म्हणून दुसरी पलटण २१ तारखेला ०५३० च्या आत २१५ टेकडी काबीज करील.’ कशासाठी ते आधी कळलं की हाताखालचा अधिकारी परिस्थिती बदलल्यावरही योग्य तेच करतो. शिवाजी महाराजांचं चिपळूणकडच्या छावणीला लिहिलेलं १६७० च्या दशकातलं पत्र बघ. त्यात दिवे जळते ठेवू नका एवढ्यावर भागवलेलं नाही. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवत पेटेल, मग पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, अशी कारणांची अख्खी साखळी आहे. उंदरापर्यंत विचार केलेला हुकूम!

क्रियापदांबद्दल एक विनंती. ‘ताब्यात घेणे’ सरसकट वापरू नकोस. मूळात ‘सीझ’ आणि ‘सिक्युअर’ वेगळे असतात. पहिल्यात शत्रूकडून जोरानं हिसकावून घेणं आहे. दुसऱ्यात ती जागा किंवा वस्तू शत्रूच्या हाती पडू न देणं, तिची नासधूस होऊ न देणं, मग लढाई होवो न होवो. ‘काबीज करणे’ आणि ‘सुरक्षित राखणे’ ही जोडी मला पुरते. ‘डिस्ट्रॉय’ म्हणजे ‘नष्ट करणे’. ‘न्यूट्रलाइज’ला ‘निकामी’ नको, त्यात कायमचं बाद झाल्याचा भास आहे, तिथे ‘निष्प्रभ’. आणि प्लॅटूनला चुकूनही ‘पलटण’ करू नकोस, कितीही सारखं ऐकू आलं तरी. आपल्याकडे पलटण म्हणजे बटालियन, शेकड्यांनी माणसं. प्लॅटून तिसेक जणांची. तीस माणसांना पलटणीचं काम लावलंस तर पुस्तकातली लढाई तिथेच हरली.

आता पहिली शंका. ‘मोहीम-आदेश’ मला पटत नाही. मोहीम महिनोन्‌महिने चालते, अशा एका मोहिमेत कितीतरी ऑपरेशनं होतात. ‘कार्यवाही’ला फायलीचा वास आहे आणि ‘कारवाई’ म्हटलं की कोणावर तरी शिस्तभंगाची झाली असं वाटतं. मी ‘ऑपरेशन ऑर्डर’ तसंच ठेवीन आणि मजकुरात पुढे नुसता ‘हुकूम’ म्हणेन. ‘आदेश’ही चूक नाही (‘आ-दिश्’, बोट दाखवून सांगणं, आणि संस्कृत व्याकरणात तर आदेश म्हणजे एका वर्णाच्या जागी दुसरा येणं), पण ‘हुकूम’ शिपायाच्या तोंडचा आहे. ऑपरेशन ऑर्डरमधल्या ‘मिशन’ या परिच्छेदाला मात्र आपल्याकडे झकास शब्द होता: कामगिरी. ‘कामगिरीवर पाठवणे’ अजून जिवंत आहे, जरी क्रीडापानांनी कामगिरीचा अर्थ शतकं आणि बळी असा करून टाकला असला तरी. मी तोच वापरीन. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश हुकुमांत या परिच्छेदाचं नाव ‘इन्टेन्शन’ असे. तिथे ‘इरादा’ छान बसेल.

‘वॉर्निंग ऑर्डर’ला ‘धोक्याचा इशारा’ केलेलं मी छापील पाहिलं आहे. धोका वगैरे काही नसतो हो त्यात. मुख्य हुकूम मागाहून येतोय, तोवर तयारीला लागा, एवढंच. ‘तयारीचा हुकूम’ म्हण. हाताशी असलेल्या वेळेचा एक तृतीयांश वरिष्ठानं आपल्या आखणीला घ्यावा आणि दोन तृतीयांश खालच्यांना ठेवावा असा संकेत आहे, तो पाळायला हाच हुकूम कामी येतो. ‘फ्रॅगमेंटरी ऑर्डर’ म्हणजे आधीच्या हुकुमातलं जेवढं बदललं तेवढंच सांगणारी. ‘तुटक आदेश’ नको, ‘फेरहुकूम’ बघ कसा वाटतो.

‘टास्क फोर्स’ला ‘कृती दल’ वृत्तपत्रांत रुळलंय, पण तिथे त्याचा अर्थ बहुतेकदा समिती असा असतो. लष्करी टास्क फोर्स म्हणजे ठरावीक कामासाठी वेगवेगळ्या युनिटांतून माणसं आणि सामग्री घेऊन एका प्रमुखाखाली बांधलेली मोट. काम झालं की ती सुटते. अमेरिकी आरमारात तर नावातच हिशेब असतो. ३४ मधला ३ म्हणजे तिसरं आरमार. तीच विमानवाहू जहाजं हॉल्सींच्या तिसऱ्या आरमारात असताना ‘टास्क फोर्स ३८’ आणि पाचव्या आरमारात गेली की ‘५८’. सामारला लढलेल्या त्या छोट्या तुकडीचा नंबर ७७.४.३, म्हणजे टास्क फोर्स ७७, त्यातला गट ४, त्यातली तुकडी ३. अशा ठिकाणी भाषांतर करायला गेलीस तर आकड्यांची संगती जाईल. नाव आणि नंबर जसेच्या तसे ठेव. सर्वसाधारण अर्थी ‘कामगिरी दल’ म्हणता येईल.

तुझ्या नमुन्यात काही ठिकाणी ‘करील’ आणि काही ठिकाणी ‘करेल’ पडलंय. जुन्या नियमानं सकर्मक धातूला ‘-ईल’ (करील, राखील) आणि अकर्मकाला ‘-एल’ (बसेल, पोचेल). आज ‘करेल’ सर्रास चालतं, त्यात मी कुणाला अडवणार नाही. पण एका हुकुमात एकच ठेव, नाहीतर वाचणारा दोन्हींत फरक शोधत बसेल.