आधी पालथी घालून बघ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

लिलावातली ती सॅटरची, म्हणजे ग्रीक पुराणातल्या बोकडपायाच्या वनदेवाची, छोटी ब्राँझमूर्ती घ्यावी का, असं तू विचारलंस. समोरून काढलेल्या एका फोटोवर मी मत देणार नाही. ही छोटी ब्राँझ शिल्पं हातात घेऊन फिरवायला घडवलेली. पंधराव्या-सोळाव्या शतकात इटलीतल्या पादुआ, मान्तुआतल्या विद्वानांच्या टेबलावर कुणी दौत, कुणी दिवा होऊन ती बसलेली असत.

म्हणून मूर्ती हाती आली की चेहरा राहू दे, आधी पालथी घाल. मूर्ती आधी आत गाभा ठेवून मेणात करत आणि मग मेणाच्या जागी धातू ओतत, म्हणून आतल्या भिंतीवर मेणाचे ओघळ दिसतात का, गाभा धरून ठेवणाऱ्या खिळ्यांची बुजवलेली भोकं सापडतात का, ते बघ. मग मापं घे. धातू निवताना आक्रसतो, त्यामुळे तयार ब्राँझवरून साचा घेऊन ओतलेली प्रत मुळापेक्षा किंचित लहान निघते, केसांच्या बटा आणि नखं बोथट होतात. संग्रहालयातल्या प्रतीच्या मापांशी ताडलंस तर पुष्कळ काही कळेल.

पण 'प्रत' म्हटलं की नाक मुरडू नकोस. मान्तुआच्या आंतिको या शिल्पकाराने 1519 मध्ये तिथल्या राजघराण्यातल्या इझाबेला देस्तेला पत्र लिहून आपल्या जुन्या कामांच्या नव्या प्रती ओतून द्यायची तयारी दाखवली होती. त्याच्या मूर्तींचे सोनेरी मुलामा दिलेले केस आणि चांदीचे डोळे बघताना प्रत की मूळ हा प्रश्नच मला सुचत नाही. कुणाच्या हाताखाली ओतली आणि ओतल्यावर छिन्नीने किती जीव ओतला, ते महत्त्वाचं.

आणखी एक, कळकळीने सांगतो: घासू नकोस. देवघरातल्या मूर्ती चिंचेने लख्ख करायची आपली सवय इथे घात करते. सुरुवातीला एक दौत मी दुकानात उजळायला दिली. परत आली ती पिवळीधमक, वरचा तपकिरी लेप कायमचा गेलेला. त्या लेपातच तिचं वय होतं. ती हळहळ अजून जात नाही.

पैसे बेताचे असतील तर पदकं आणि छोट्या उठावाच्या पट्ट्या, म्हणजे प्लाकेट, यांपासून सुरुवात कर. आणि इटलीला गेलास तर पादुआत संत अंतोनीच्या बॅसिलिकेत शिल्पकार रिच्चोचा ब्राँझचा मेणबत्तीचा स्तंभ बघ, 1507 ते 1516 या काळातला. फ्लॉरेन्सला बार्जेलो संग्रहालयात शिल्पकार पोल्लायुओलोचा 'हर्क्युलिस आणि अँटिअस' हा ब्राँझ पुतळा आहे, जेमतेम अर्ध्या मीटरचा. त्याच्याभोवती सावकाश फेरी मार. एका बाजूने तो पुरता दिसतच नाही.

सॅटरच्या बुडाचे आणि पाठीचे फोटो मागव, उंची मिलिमीटरमध्ये विचार. आले की पाठव. मी भिंग काढून ठेवतो.