एका खड्ड्यावरून अख्खा डोंगर ठरत नाही

फेब्रुवारीत तुम्ही पुण्याहून गुलमर्गला स्कीइंगला जाताय. हिमस्खलनाचा धोका बघायला गंडोलाजवळ (तिथल्या केबल कारजवळ) बर्फात खड्डा खणून थर तपासले, बर्फ पक्का निघाला, तर त्या दिवशी अफरवटचे (गुलमर्गवरच्या डोंगराचे) बाकीचे उतारही चालतील का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. त्या खड्ड्याने तुम्हाला फक्त तेवढ्या जागेचं सांगितलं.

आभाळातून बर्फ सगळीकडे सारखा पडला तरी डोंगरावर तो सारखा राहत नाही. उत्तरेकडच्या उताराला हिवाळ्यात ऊन जेमतेम लागतं. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, वरची हवा उणे पंधरा आणि मध्ये बर्फ अर्धा मीटरच, असं काही दिवस राहिलं की खालच्या थरातले कण एकमेकांना सोडतात आणि जाड साखरेसारखे सुटे होतात. मुठीत कितीही आवळा, त्यांचा गोळा होत नाही. पुढच्या पश्चिमी चक्रावाताने त्यावर मीटरभर बर्फ ओतला की वरून सगळं छान मऊ दिसतं, पण खालचा पाया सुटाच असतो आणि आठवडेच्या आठवडे तसाच राहू शकतो. म्हणून कोरड्या गेलेल्या जानेवारीनंतरच्या पहिल्या मोठ्या बर्फाला मी सगळ्यात जास्त बिचकतो. 2024 चा जानेवारी गुलमर्गमध्ये जवळजवळ कोराच गेला होता.

दक्षिणेकडे दुखणं वेगळं. दुपारी वरचा थर वितळतो, रात्री गोठून कवच धरतो. सकाळी टणक लागलेला तोच उतार दुपारी भिजून घसरू शकतो.

आणि वारा! धारेवरचा बर्फ उचलून तो आडोशाच्या बाजूला नेऊन रचतो. बर्फ पडणं थांबलं तरी तिथला भार वाढतच असतो. धारेवर बर्फाची छपरी कुठल्या बाजूला झुकली आहे ते बघा. भार त्याच बाजूला. स्कीखाली पोकळ, ढोलासारखा आवाज आला, 'हुंफ' करून बर्फ बसला किंवा स्कीच्या टोकापासून भेग पळाली, तर खड्डा खणत बसू नका. उत्तर मिळालेलं आहे, तो उतार धोक्याचा आहे.

खड्डा खणायचाच तर जिथे उतरणार त्याच दिशेच्या, साधारण त्याच उंचीच्या आणि कोनाच्या छोट्या, सुरक्षित उतारावर खणा. खड्ड्याच्या भिंतीतून बर्फाचा 30 सेंमी चौरस खांब मोकळा करा, वर फावडं ठेवून मनगटातून 10, कोपरातून 10, खांद्यातून 10 टपल्या द्या. थोडक्या टपल्यांत एखादा थर सपकन, गुळगुळीत सुटला तर परत फिरा. नाही सुटला, तर मात्र त्याला परवानगी समजू नका. दहा मीटरवर थर वेगळा असू शकतो.

म्हणून माझा खरा भरवसा कोनावर. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. शंका असेल त्या दिवशी 30 च्या खालीच राहायचं, आणि डोक्यावर तीव्र उतार नाही ना, हेही बघायचं. स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवर गस्त घालणारं पथक, गंडोलाभोवतीचा ठरावीक भागच सांभाळतं. 1 फेब्रुवारी 2023 ला अफरवटवर दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले, हे लक्षात असू द्या.

बीकन (गाडल्या गेलेल्याचा ठावठिकाणा देणारं अंगावरचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं, आणि पुण्यातच एखाद्या मैदानावर बीकन लपवून शोधायचा सराव करून जा. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढावा लागतो, आणि तेवढ्या वेळात तुमच्याजवळ असतात ते फक्त तुमचेच सोबती. उतार एकेकाने उतरा. बाकीच्यांनी बाजूच्या सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची.