आधी कामाच्या पाळीचा तक्ता पाठव

प्रिय मित्रा,

परवा आपल्या बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोत पळून झाल्यावर तू विचारलंस, "काका, गोव्याची हाफ आयर्नमॅन, ती पोहणं-सायकल-धावणं सलग असलेली स्पर्धा, करायची तर कोच कुठला धरू? पुण्या-मुंबईच्या कोचची फी झेपत नाही, आणि उद्यमबागेतली माझी कामाची पाळी दर आठवड्याला बदलते." झाडाखाली उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

कोच धरताना मी स्वतः चुकलोय. मोठं नाव बघून वर्षाची फी एकदम भरली. दर रविवारी व्यायामाचा तक्ता यायचा. त्यात मंगळवारी पहाटे पोहणं, आणि माझी सोमवारी रात्रपाळी. कळवलं तर उत्तर आलं, "जमेल तसं करा." मग मी रात्रपाळी संपवून न झोपता थेट तलावावर जायला लागलो. तिसऱ्या महिन्यात पोटरी धरली. तक्ता येतच राहिला. पैसे गेले ते गेले, पण तो अख्खा मोसम हातातून गेला याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून फी विचारायच्या आधी हे विचार: माझा आठवडा मोडला तर तुम्ही काय करता? "बुडालेलं सगळं रविवारी भरून काढ" म्हणणाऱ्याचा नाद सोड. जाणता कोच बुडालेला व्यायाम बुडू देतो आणि पुढचे चार दिवस नव्यानं मांडतो. थकलेल्या अंगावर दोन दिवसांचं ओझं एकदम पडलं की पोटरी, गुडघा, काहीतरी धरतंच.

खर्च करायचा तो पोहण्यावर कर. स्पर्धेत १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. यातली सायकल आणि धावणं लांबचा कोचही घड्याळातले आकडे बघून फोनवर सांभाळू शकतो. पाण्यातलं तसं नाही. श्वास घेताना तू डोकं वर उचलतोस, त्यामुळं पाय खाली जातात आणि निम्मी ताकद अंग वर ठेवण्यातच संपते. हे तुझं तुला कळत नाही, काठावर उभ्या माणसाला लगेच दिसतं. गोवावेसच्या तलावावर अनुभवी प्रशिक्षकाकडे दोन महिने शिक. स्पर्धेत पोहायला १ तास १० मिनिटं मिळतात. ती हुकली तर सायकलला हात लावायच्या आधीच स्पर्धा संपते. आणि सराव म्हणून राकसकोपच्या जलाशयात एकट्यानं उतरायचं नाही, हे मी रागावून सांगतोय असं समज.

बाकीच्या दोन्हींसाठी रोज मेसेज करणारा महागडा कोच लागत नाही. महिन्याचा आराखडा आणि पंधरा दिवसांतून एक फोन, एवढंच मागितलंस तर फी बरीच उतरते. फी महिन्या-महिन्याला भर, वर्षाची कधीच नको. कोल्हापुरात आयर्नमॅन केलेले बरेच जण आहेत, तिकडं चौकशी कर. शंभरेक किलोमीटरवरचा माणूस महिन्यातून एकदा तुला धावताना प्रत्यक्ष बघू शकतो.

त्याला आपला पाऊसही माहीत असायला हवा. गोव्याची स्पर्धा पावसाळ्यानंतर, म्हणजे लांब सायकलिंगचे महिने नेमके जून ते सप्टेंबर. जुलैत जांबोटीच्या रस्त्यावर धुक्यात पुढची गाडी दिसत नाही. तेव्हा घरात ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच सायकल चालवायच्या स्टँडवर, काय करायचं, हे त्यानं आपणहून सांगितलं पाहिजे. शिवाय आपण ७५० मीटर उंचीवरच्या गार हवेत पळणार आणि स्पर्धा पणजीच्या दमट उन्हात. याची तयारी कशी करून घेणार, तेही विचार.

आणि त्याच्याशी खरं बोल. झोप चार तास झाली तर चारच सांग. घरी कुणी आजारी असेल तर तेही सांग.

तुझ्या हातात आठवड्याचे सात-आठ तास आहेत, तेवढ्यात ही स्पर्धा पुरी करता येते. या महिन्याच्या पाळीचा तक्ता दोन-तीन कोचना पाठव, वेळेचं लक्ष्य अजून सांगू नकोस. कोण काय उत्तर देतंय ते घेऊन रविवारी सकाळी घरी ये. चहा घेत दोघं मिळून वाचू.

तुझा,
काका