प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीवरून मुलीची मेहनत कळते का?

चौथीतल्या मुलीला गणितात दोन्ही सत्रांत ब-1 मिळालाय, मग तिची मेहनत वाढली की नाही हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या श्रेणीवरून ते ओळखता येणार नाही.

शाळा राज्य मंडळाची आहे असं धरतो. (मुंबईत एकाच मजल्यावर तीन बोर्डांची मुलं असतात, शेजारच्या प्रगतिपुस्तकाशी ताडून बघू नका.) चौथीला 100 पैकी 60 गुण आकारिक, म्हणजे सत्रभराच्या वर्गातल्या कामाचे, आणि 40 संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे. 71 ते 80 ला ब-1.

आता आकडे मांडा. एका मुलीला आकारिकमध्ये 55, परीक्षेत 20. दुसरीला 39 आणि 36. दोघींची बेरीज 75, दोघींना ब-1. पहिली रोजचं काम मन लावून करते, पण पेपरात अडते: वेळ पुरत नाही किंवा शाब्दिक उदाहरणात काय विचारलंय ते उमगत नाही. दुसरीला गणित येतं, पण स्वाध्याय अपुरे राहतात, नाहीतर तोंडी विचारलं की ती गप्प बसते. म्हणून पालकसभेत बाईंकडे 60 आणि 40 चे गुण वेगवेगळे मागा. आकारिकची साधननिहाय, म्हणजे कशाला किती गुण अशी, नोंद त्यांच्याकडे असते: तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय वगैरे. मेहनतीचा अंदाज मला सगळ्यात जास्त स्वाध्याय-वर्गकार्यातून येतो. प्रकल्पाच्या गुणांवर विसंबू नका, तो बऱ्याचदा आई-बाबांनीच केलेला असतो.

मेहनतीला वेगळे गुण नाहीत, ती दिसली तर वर्णनात्मक नोंदींत, म्हणजे बाईंनी शब्दांत लिहिलेल्या शेऱ्यांत, दिसते. तिथे ‘सुधारणा आवश्यक’खाली ‘अभ्यासात लक्ष द्यावे’ एवढंच असेल तर ती नोंद कुठल्याही मुलाला चालेल. ‘हातच्याच्या वजाबाकीत दशकातला एक कमी करायला विसरते’ असं लिहिलं असेल तर बाईंनी वही खरंच बघितलीय. मोघम नोंद असेल तर नेमकं कुठे अडतंय ते तिथेच विचारा. मोठ्या पटाच्या वर्गात एवढ्या नोंदी लिहिताना बाईंची दमछाक होते, तेव्हा जाब विचारल्यासारखं नको.

पुढच्या वर्षी पाचवीत वार्षिक परीक्षा पास व्हावीच लागते, नापास झाल्यास पुनर्परीक्षा. तेव्हा त्या 40 पैकी किती पडले, हे आत्ताच विचारून घ्या.